शंभरावा पीर

भूमध्य समुद्राकाठच्या आमच्या बेजायात नव्व्याण्णव पीर आहेत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणखी एक असता तर आपलं गाव मक्केच्या बरोबरीला गेलं असतं, हेही ते पोर लगेच ऐकवतं. हे वाक्य मी आईकडून ऐकलं, शाळेत ऐकलं, टॅक्सीत ऐकलं आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडून, तोंड उघडं असताना ऐकलं. सांगणाऱ्याचा सूर नेहमी एकच असतो. पेनल्टीचा बॉल खांबाला लागून परत आल्यासारखा.

गंमत अशी की ते कोणी मोजले नव्हते. आठशे वर्षांपूर्वी पिसाच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा याच बंदरात हिंदुस्थानी आकडे शिकला आणि परत जाऊन त्याने युरोपला हिशेब शिकवला. पण ज्या बंदराने युरोपला आकडे दिले, त्याने आपल्या पिरांवर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हटलं नव्हतं. ते माझ्या वाट्याला आलं, आणि बेरीज शंभर झाली.

माझं नाव तिझिरी. पदवी भूगर्भशास्त्राची. दोन वर्षं घरी बसून होते. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी दगडांची डॉक्टर आहे, पण मेले दगड आजारीच पडत नाहीत." शेवटी वडिलांबरोबर डॉमिनो खेळणाऱ्या अल्लावाला माझी दया आली. अल्लावा हा 'नव्व्याण्णव मंडळा'चा सचिव. दर्ग्यांची देखभाल करणाऱ्या, किंवा निदान करतो असं म्हणणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांचं हे मंडळ कॉर्कच्या एका जुन्या गोदामाच्या माडीवर भरतं. मार्सेयच्या बोटीतून उतरणाऱ्यांसाठी धक्क्यावर एक मोठा नकाशा लावायचं त्यांनी ठरवलं होतं. नकाशावर नव्व्याण्णव हिरवे ठिपके.

"काम सोपं आहे," अल्लावा म्हणाला. "नव्व्याण्णव ठिकाणी जायचं, यंत्रावरचे अक्षांश-रेखांश लिहायचे, परत यायचं."

"यादी कुठाय?"

"यादी कशाला? सगळ्यांना माहीत आहेत."

"मग सांगा, मी लिहून घेते."

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. चौदापर्यंत गेला आणि म्हणाला, "कॉफी गार होतेय."

मोजायचं तर आधी काय मोजतोय ते ठरवावं लागतं. मी तीन अटी घातल्या. एक, थडगं असावं, किंवा लोक ज्याला थडगं मानतात असं काहीतरी. दोन, नाव असावं. तीन, तिथे मेणबत्ती लावणारं निदान एक जिवंत माणूस असावं. तिसरी अट मला फार आवडली होती. फ्रेंच लोक मेणबत्तीला अजून आमच्या गावाच्या जुन्या नावानेच हाक मारतात, इतकं मेण आम्ही त्यांना विकलंय.

चार महिने मी गाव पालथं घातलं. एका घुमटाखाली सात भाऊ एकाच थडग्यात होते. सात धरायचे की एक? मी राखणदाराला विचारलं, मेणबत्त्या किती लावता? एक. मग एकच धरला. एक पीर म्हणजे नुसतं ऑलिव्हचं झाड होतं, आत म्हणे बुवा उभाच आहे. एकाचं गॅरेज झालं होतं, पण मेकॅनिक रोज सकाळी हवेच्या पंपापाशी मेणबत्ती लावायचा, म्हणजे अट पुरी. गुराया डोंगराच्या चढावर एका माकडाने माझी वही हिसकली, त्रेचाळीस ते एकावन्न ही पानं सावकाश फाडली आणि एकेक चावून पाहिली. ते नऊ पीर मला पुन्हा करावे लागले.

बहुतेकांचा विषय ठरलेला. कोणी तापाचा, कोणी लग्नाचा, कोणी बोट बुडू नये म्हणून. अलीकडे दोघांनी व्हिसाचं कामही घेतलंय. मोठ्या पिरांकडे मोठी कामं असतात आणि तिथे रांग लागते. लहान पिरांकडे उचकी, हरवलेल्या किल्ल्या असलं काहीतरी येतं.

आणि एके दिवशी बेरीज केली तर शंभर.

शंभरावा असा कोणी एक नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. मी उलट्या क्रमाने फिरले असते तर शंभरावी येम्मा गुराया, म्हणजे गुराया माय, ठरली असती, आणि ती तर आख्खा डोंगर आहे. पण हे मंडळाला पटवणं म्हणजे माकडाला वही परत मागण्यासारखं होतं.

"परत मोज," दा हेमिमी म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष. तीस वर्षं कस्टममध्ये होते आणि अजून समोरच्याच्या पिशवीकडे बघत बोलतात.

"तीनदा मोजलं, दा."

"मग चौथ्यांदा मोज. आणि या वेळी जरा श्रद्धेने मोज."

खोलीत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "म्हणजे मक्का..."

"तोंड सांभाळ!" दा हेमिमी ओरडले. "कळतंय का शंभर म्हणजे काय ते? उद्या जगातले लोक इकडे यायला निघाले तर? डोंगरापलीकडचे सेतिफवाले उन्हाळ्यात समुद्रावर आंघोळीला येतात तेवढ्याने आपल्या नळाचं पाणी जातं!"

"आणि गाड्या कुठे लावायच्या?" अल्लावा म्हणाला.

"नव्व्याण्णव हा आपला नम्रपणा आहे," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. "शंभर म्हणजे माज."

मी म्हटलं, "पण असतील शंभर, तर आहेत. नकाशावर शंभर ठिपके लावू."

अकराच्या अकरा जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू कबरीवर बसून सँडविच खातेय.

मग ठरलं की एक कमी करायचा. ठरलं म्हणजे लगेच ठरलं, दोन मिनिटांत. कोणता कमी करायचा, त्यावर मात्र दुपार गेली. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याचा जावा.

"माझ्या पिराने फ्रेंचांची तोफ फिरवली होती."

"तोफ गंजली होती."

"गंजवली कोणी?"

"तुझ्या पिराला तर दाढीसुद्धा नव्हती म्हणतात."

"तुझ्याला डोकं नव्हतं!"

"ते स्पॅनिश लोकांनी कापलं! त्यात त्याची काय चूक?"

नकाशा छापून देणार होती ती एक मालवाहतूक कंपनी. तिचा माणूस झुबीर, कडक इस्त्रीच्या शर्टात, पाहुणा म्हणून बसला होता. आता त्याने घसा साफ केला. "मला काही अधिकार नाही. पण बंदराच्या कुंपणाला लागून तो एक छोटा आहे ना... घुमटबिमट काही नाही. आमच्या ट्रकना वळायला तिथेच अडचण होते."

सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. त्या पिराचा राखणदार मंडळात नव्हताच. तिथे एक बाई होती, आणि बायकांना मंडळात खुर्ची नाही.

"सिदी येखलेफ," अल्लावा म्हणाला. "त्याचा विषय काय?"

मी वही पाहिली. "अंथरूण ओलं करणारी मुलं."

"हॅः!" दा हेमिमींचा चेहरा उजळला. "हा काय विषय झाला? हा पीर कसला, ही तर दाई! काढा त्याला. कबर आदराने मोठ्या कब्रस्तानात हलवू, तशा ठरावाचा आपल्याला अधिकार आहे. पोरी, तू शिकलेली आहेस. तो पीर का नाही, याचं कारण पानभर लिहून आण. पुढच्या गुरुवारी सह्या करू."

कबर हलली की तिच्या पाठीला लागून असलेली खोलीही पडणार होती. त्या खोलीत न्ना मेगदूदा राहायची. साठी उलटलेल्या कुठल्याही बाईला आमच्याकडे न्ना म्हणायचं, नाहीतर ती ओ देत नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ती दारात बसून अंगठ्याने सार्डिन माशांची पोटं काढत होती. मागे समुद्र, पुढे ट्रक, मधे तीन मांजरं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. लपवून काय करणार होते? बेरीज माझीच होती.

तिने एक सार्डिन पुरी साफ केली, मगच बोलली. "तुला मोजायला सांगितलं कोणी?"

"मंडळाने."

"ती म्हातारी गाढवं म्हणतील विहिरीत उडी मार, तर मारशील?"

"खोली मोजून मगच मारेन, न्ना."

ती हसली नाही. पण पुढची सार्डिन तिने जरा हळू चिरली. "एकतीस वर्षं राहतेय इथे. नवरा गोदीत हमाल होता, त्याच्याबरोबर आले. तो गेला, मी राहिले. मुलगा सेतिफला असतो, पाचव्या मजल्यावर. मागे महिनाभर गेले होते. सून सोन्यासारखी आहे. मला गॅलरीत खुर्ची टाकून द्यायची, समोर दुसरी गॅलरी. तिथेही एक म्हातारी खुर्चीत. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींकडे बघायचो, जनावरांच्या दवाखान्यात आणल्यासारख्या." तिने मांजराला डोकं टाकलं. "तिथे मी उन्हाळासुद्धा काढणार नाही. आलं लक्षात?"

आलं होतं.

"मी काहीतरी करते," मी म्हटलं.

"तू केलंस तेवढं पुरे नाही का झालं?"

तरी मी करायला गेलेच. माझा विचार सरळ होता. शंभरातला एखादा दोनदा मोजला गेला असेल, तर तो गाळला की नव्व्याण्णव होतात, आणि सिदी येखलेफ जागच्या जागी राहतो. मी सगळी टिपणं पुन्हा चाळली. तिसऱ्या दिवशी सापडलं. वरच्या आळीतला सिदी युनेस आणि कसब्याच्या किल्ल्याजवळचा सिदी युनेस यांचं नाव एक, बापाचं नाव एक, मरणाचा महिना एक. दोघांनीही म्हणे एकाच मगरीला हाकललं होतं, आणि भूमध्य समुद्रात मगर एकदा आली तरी नवल. माणूस एक, थडगी दोन. शंभर टक्के पुनरावृत्ती.

अडचण एवढीच, की वरच्या आळीतल्या सिदी युनेसचे राखणदार खुद्द दा हेमिमी होते.

मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दोघे एकच आहेत."

"म्हणजे एक गाळायचा ना?"

"का? पीर आहे तो. दोन ठिकाणी असणं हे तर त्याचं काम आहे. एकाच ठिकाणी तर तू आणि मी पण असतो."

"पण दा, माणूस एक असेल तर मोजायचा एकदाच!"

"माणूस एकदा मोज. पीर दोनदा मोज." त्यांनी मला अंजीर दिलं. "शिकलीस खूप, पण पाया कच्चा राहिला."

नगरपालिकेसमोर एक रोमन दगड उभा आहे. अशी चिडले की मी तिथे जाऊन बसते. आमच्या गावाला पाणी आणण्यासाठी डोंगरातून बोगदा खणत होते तेव्हाची हकिकत त्यावर कोरली आहे. दोन टोळ्या दोन बाजूंनी खणत निघाल्या, दोन्ही थोड्या थोड्या उजवीकडे सरकल्या आणि डोंगराच्या पोटात एकमेकींना चुकवून पुढे गेल्या. ज्या इंजिनियरला निस्तरायला बोलावलं, त्याला वाटेत चोरांनी नागवं केलं. तरी तो आला आणि त्याने मोजलं. त्या दिवशी मला वाटलं, तो निदान डोंगराशी बोलत होता. डोंगर माणसाला उजवीकडे सरकवतो, पण 'सरकवणं हेच माझं काम आहे' असं म्हणत नाही.

बुधवारपर्यंत माझं पान कोरं होतं. सिदी येखलेफ पीर का नाही, याचं एकही कारण मला असं सापडेना जे उरलेल्या नव्व्याण्णवांना लागू पडत नव्हतं. गुरुवारी मी कोरं पान घेऊन माडीवर गेले. मंडळ हजर होतं, झुबीर हजर होता, शिक्का आणि शाईची उशी टेबलावर होती.

"लिहिलंस?" दा हेमिमींनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. न्ना मेगदूदा आत आली. हातात टॉवेल झाकलेली परात. तिने परात टेबलाच्या मधोमध, ठरावाच्या कागदावर ठेवली आणि टॉवेल उचलला. गरम स्फेंज, मैद्याचे तळलेले गोल वडे, साखर भुरभुरलेले. अकरा म्हाताऱ्यांची रांगेने नाकं हलली.

"बायकांना इथे..." एक जण म्हणाला.

"मी बसत नाही, उभी आहे. उभ्या बाईला तुमचा नियम नाही." तिने कमरेवर हात ठेवले. "मी सिदी येखलेफकडून आलेय. तो म्हणतो, भांडू नका. तो राजीनामा देतो."

"कसला राजीनामा?"

"पीरपणाचा. तो म्हणतो, मी कधी पीर नव्हतोच. तुम्हीच मला चढवलंत."

अल्लावाने तोंडात घातलेला स्फेंज बाहेर काढला. "असं... असं तो तुला म्हणाला?"

"एकतीस वर्षं शेजारी राहतेय. तुझी बायको तुला म्हणत नाही का काही? ऐका आता. तो नवऱ्याच्या घराण्यातला मूळ पुरुष. नवऱ्याची आजी मला सगळं सांगायची. येखलेफ गोदीत बोटींच्या फटी बुजवायचा, डांबर आणि काथ्याने. स्पॅनिश लोक गेले त्या वर्षी वारला. नमाज अधूनमधून. आणि प्यायचा."

"प्यायचा?" दा हेमिमी जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"स्पॅनिश लोकांच्या बोटीवर काम करायचा, तिथे काय ताक मिळायचं?"

"आणि ते मुलांचं... अंथरुणाचं?"

"ती त्याचीच मुलं हो! सहा. सहाच्या सहा रात्री अंथरूण भिजवायची. पुढे कधीतरी थांबली. तर आळीतल्या बाया विचारायला यायच्या, काय केलंस रे बाबा? तो सांगायचा, काही नाही केलं, मोठी झाली. तो मेल्यावरही बाया यायच्या थांबल्या नाहीत. एवढाच त्याचा चमत्कार."

म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. पीर हाकलण्याचं पाप डोक्यावर येईल म्हणून आठवडाभर सगळे मनातून धास्तावले होते, हे मला तेव्हा कळलं. आता पिराने स्वतःच सुटका केली होती. अल्लावाने घाईघाईने परात सरकवली आणि ठरावावर लिहिलं, 'सिदी येखलेफ हा पीर नसून सामान्य माणूस होता, असे त्याच्या घरच्यांनीच सांगितले.' अकरा सह्या झाल्या. काही सह्यांवर साखर पडली. शिक्का बसला.

"तर मग," झुबीर म्हणाला, "आमची माणसं सोमवारी कबर हलवायला येतील."

"कोणाला विचारून?" न्ना मेगदूदा म्हणाली.

"मंडळाने ठराव केलाय."

"मंडळ पिरांचं आहे. हा पीर नाही, असं आत्ताच लिहून दिलंय. वाच की. तो पीर असता तर सगळ्यांचा होता, मग तुम्ही त्याला उचला नाहीतर डोंगरावर ठेवा. आता तो नुसता मेलेला माणूस आहे. मेलेला माणूस घरच्यांचा असतो. आणि आम्ही घरचे नाही म्हणतो."

झुबीरने दा हेमिमींकडे पाहिलं. दा हेमिमींनी ठरावाकडे. कस्टमच्या तीस वर्षांत त्यांच्या हातून अशी पिशवी सुटली नसेल.

"थांबा," ते म्हणाले. "घरचे म्हणजे? साडेचारशे वर्षं झाली. एका म्हातारीने दुसरीला सांगितलं, हा काय पुरावा आहे? तिझिरी, तू शास्त्र शिकलीस. हे सिद्ध होतं का?"

सगळे माझ्याकडे वळले. न्ना मेगदूदाही. तिच्या डोळ्यांत विनंती वगैरे काही नव्हती. विहिरीची खोली मोजलीस का, एवढंच तिने नजरेने विचारलं असावं.

खोटं बोलायची माझी तयारी होती. पण आकडे मनात मांडले आणि लक्षात आलं की गरजच नाही.

"सिद्ध होत नाही," मी म्हटलं. झुबीर टेकून बसला. "पण हिशेब करता येतो. तुमचे आईबाप दोन, दा. आजी-आजोबा चार. त्यांच्या मागे आठ. साडेचारशे वर्षांत साधारण अठरा पिढ्या होतात. अठरा वेळा दुप्पट केलं तर..." मी कोऱ्या पानावर लिहून दाखवलं. "दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. एवढ्या पूर्वजांच्या जागा तुमच्या एकट्याच्या मागे आहेत. आणि स्पॅनिश गेले तेव्हा गावात उरली होती काही हजार माणसं."

"मग बाकीचे कुठून आणले मी?"

"आणले नाहीत. तीच माणसं पुन्हा पुन्हा बसवली. एकेक जण पन्नास-पन्नास जागी. काही डोंगरातल्या गावांतून आली असतील, तरी फार फरक पडत नाही. म्हणून इतक्या जुन्या माणसाचं असं असतं, की त्याचा वंश बुडाला असेल तर तो कोणाचाच पूर्वज नसतो. आणि बुडाला नसेल, तर गावातल्या जुन्या घराण्यांपैकी बहुतेक सगळ्यांचाच असतो. मधलं काही नाही."

"त्याला सहा मुलं होती," न्ना मेगदूदा म्हणाली.

"सहा असतील, तर वंश बुडण्याची शक्यता फार कमी." हे मी जबाबदारीने म्हटलं. शक्यता किती, ते कोणी विचारलं असतं तर मला एक संध्याकाळ लागली असती.

दा हेमिमींनी हळूहळू चष्मा काढला. "म्हणजे तो माझाही पूर्वज?"

"जवळजवळ नक्की."

"माझाही?" अल्लावा.

"तुमचाही."

"आणि हा?" कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने झुबीरकडे बोट केलं.

"मी मूळचा सेतिफचा," झुबीर म्हणाला. त्याला वाटलं असावं, यातून आपण सुटू.

"मग तू बाहेरचा!" दा हेमिमी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. ते उठून उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही दर्ग्यात पाहिलेलं नाही. "आमच्या घरच्या कबरीत बाहेरच्याने पडायचं नाही. परवानगी वारसांची लागते ना? मी वारस आहे. मी देत नाही."

"दा, आत्ताच तुम्ही सही..."

"सही पीर काढायची केली. आजोबा काढायची नाही केली!"

"मीही देत नाही," अल्लावा म्हणाला आणि दुसरा स्फेंज उचलला. पाठोपाठ आणखी नऊ जणांनी नकार दिला. एकाने तर 'माझ्या डांबर लावणाऱ्या आजोबांची' शपथही घेतली. पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस त्याच आजोबांना हसत होता.

झुबीरने नकाशा छापायला नकार दिला. मग तो अल्लावाच्या मेव्हण्याने छापला, थोडा तिरका, पण ठिपके नव्व्याण्णव आहेत. मी दोनदा तपासले.

कंपनीने ट्रकची वळणाची जागा नव्याने आखली. आखणीचं काम मलाच मिळालं, कारण त्या कबरीचे अक्षांश-रेखांश फक्त माझ्या वहीत होते. आज सकाळी मी खुंट्या ठोकत होते तर दोन बायका मेणबत्त्या घेऊन आल्या. एकीच्या कडेवर चार वर्षांचं पोर, अपराध्यासारखं तोंड करून.

"अहो, हा आता पीर नाही," मी म्हटलं. "राजीनामा दिलाय."

"माहितीये की," ती म्हणाली. "म्हणूनच आलो. पदावर असताना कोण भेटतं? आता त्याला वेळ असेल."

न्ना मेगदूदा दारातून हे ऐकत होती. तिने खुर्ची आणून बाहेर ठेवली, समुद्राकडे तोंड करून. खुर्चीचा मागचा पाय माझ्या खुंटीला लागत होता. तिने खुंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपलेच्या टोकाने ती हलवून सैल केली, उपटली आणि ट्रकच्या बाजूला चांगली हातभर पुढे रोवली.

"इथे ठीक आहे," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मी टेप काढली. हलवलेलं अंतर चाळीस सेंटिमीटर होतं. खुंटीची नवी जागा वहीत लिहिली आणि पुढच्या खुंटीकडे गेले.